जिन्यातलं टेबल

२ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तू माझं वाक्य अर्ध्यात तोडून हसलास आणि म्हणालास की मंडळाकडे काही मागायचं असेल तर लेखी माग. म्हणून हा कागद. कागदाचा एक फायदा आहे, तू मध्ये बोलू शकत नाहीस.

तर मागणी अशी. तुझं ते क्रीडा-गेम मंडळ दर मार्चला संमेलन भरवतं. पडद्यावर खेळायचे मैदानी खेळ: मोटारशर्यत, गोल्फ, टेनिस, बॉक्सिंग. चारही खेळांचे गुण धरून फिरती ढाल देता. फुटबॉलला त्यात जागा नाही, आणि बारा वर्षांत एकालाही ती असावी असं वाटलं नाही. सगळं गाव जेवायला बोलावून नवरदेवाला दाराबाहेर उभं करण्याचा हा प्रकार आहे.

आमच्या बस डेपोत विश्रांतीच्या खोलीत आम्ही सहा जण रोज दुपारच्या सुटीत फुटबॉलचा गेम खेळतो. त्यात मेकॅनिक आहे, त्याच्या डाव्या अंगठ्याला अर्धंच नख आहे, तरी त्याच्या अंगठ्यातून असा पास निघतो की समोरचा बघत राहतो. तिकीट तपासनीस बाई आहेत, त्या बचावाला बसल्या की फुकट्या प्रवाशासारखा चेंडू पकडतात. ही माणसं तुमच्या हातमोजे घालून पडद्यावर गाडी हाकणाऱ्यांच्या पासंगालाही पुरणार नाहीत असं तुला वाटतं. हे तू खेळून ठरवलंस का? मला तुझा शेवटचा सामना आठवतो. सात मिनिटांत सहा गोल खाल्लेस आणि रिमोट खराब आहे म्हणून उठलास. तो रिमोट आम्ही अजून वापरतो.

फुटबॉल ढालीत धरावा, एवढीच विनंती. वहिनीला नमस्कार. लोभ आहे, तो ठेवायचा की दाढेसारखा उपटायचा हे तुझ्या हातात.

तुझी,
धाकटी


११ फेब्रुवारी

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

अर्ज पोचला. शुद्धलेखन लाल शाईने दुरुस्त करून फाइलला लावला आहे.

तुझ्या भावना समजल्या, मुद्दा मात्र सापडला नाही. फुटबॉलचा गेम दरवर्षी नवा म्हणून निघतो. त्यात नवं काय असतं? खेळाडूंचे सदरे बदलतात, दोघातिघांचे केस कापलेले असतात, आणि तुम्ही मंडळी पुन्हा रांगेत. शर्यतीच्या गेमला टायर किती झिजला, वळणावर रस्ता कुठे ओला आहे, पेट्रोल किती फेऱ्या पुरेल, हे सगळं डोक्यात ठेवावं लागतं. गोल्फला वारा ओळखावा लागतो. फुटबॉलला काय लागतं? दोन अंगठे आणि बहिरा शेजारी.

मागच्या आठवड्यात एक पेशंट माझ्या खुर्चीत तोंडात कापूस धरून, जबडा अर्धा बधिर, मोबाइलवर तुझा हा खेळ खेळत होता. आणि जिंकत होता. ज्या खेळात बधिर माणूस जिंकतो त्याला ढाल कशाची द्यायची? मान दुर्मीळ गोष्टीला असतो. जो खेळ ज्याला त्याला येतो त्याला लोकप्रिय म्हणावं आणि सोडून द्यावं. जांभईसुद्धा लोकप्रिय आहे.

तरी तुझा अर्ज समितीपुढे ठेवला. आम्ही पाच जण. दोघे हसले, एकाला फोन आला. ग्रंथपाल बाई तेवढ्या म्हणाल्या की येऊ द्यात की बिचाऱ्यांना. म्हणून ठरलं ते असं: जिन्याच्या वळणावर एक टेबल मिळेल. पडदा तुमचा तुम्ही आणायचा. ढालीसाठी गुण नाहीत, प्रमाणपत्र नाही. आरडाओरडा चालणार नाही.

वहिनी बरी आहे. हल्ली दुपारी मी खाली क्लिनिकमध्ये असलो की आतल्या खोलीचं दार लावून संगणकापुढे बसते. विणकामाचे नमुने बघत असावी. बस सावकाश चालव. आमचा जीव आहे तुझ्यावर, अक्कल तेवढी तुझी तू सांभाळ.

तुझा,
दादा


२० फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

जिना मंजूर. आम्ही तिघं येतोय, मेकॅनिक, तपासनीस बाई आणि मी. पडदा बसच्या सामानाच्या कप्प्यातून आणू.

आता टायर झिजण्याबद्दल. मी रोज आठ तास खरं स्टिअरिंग फिरवते. बारा मीटरची बस, साठ माणसं, आणि प्रत्येक थांब्यावर एक तरी जण हात दाखवायच्या आधी शिवी देतो. तू शेवटच्या पेशंटच्या तोंडातला हात काढतोस, मागच्या खोलीत जातोस, खुर्चीचा पट्टा लावतोस आणि खोट्या स्टिअरिंगपुढे हातमोजे घालून बसतोस. दादा, हातमोजे. खोलीच्या भिंतीला धडकलास तर खरचटू नये म्हणून का? हे मी डेपोत सांगितलं तेव्हा तपासनीस बाईंना ठसका लागला, पाणी द्यावं लागलं.

रस्ता कधी मन बदलत नाही. तेच वळण शंभर वेळा घेतलंस की शंभर वेळा ते तिथेच असतं. त्याला तू कौशल्य म्हणतोस, मी पाठांतर म्हणते. फुटबॉलला समोर माणूस असतो आणि तो तुझं मन वाचत असतो. शिवाय आपल्या अकरांतला एकच गडी आपल्या हातात, उरलेले दहा आपापल्या बुद्धीने धावतात. ते कुठे पोचतील हे आधी ओळखून, अजून तिथे कुणीच नसताना चेंडू त्या मोकळ्या जागेत टाकायचा. बस चालवणं हेच आहे. एक गाडी माझ्या हातात, बाकी रस्ताभर जो तो आपल्या अकलेने. म्हणून आमच्याकडे हा खेळ लवकर येतो आणि तुमच्याकडे येत नाही.

दरवर्षी जुनंच नवं म्हणून विकतात, हे मात्र खरं आहे. विकणारे लबाड आहेत. पण विकणारा लबाड म्हणून खेळणारा हलका, हे कुठलं गणित? सोपा म्हणशील तर सोपा आहेच. बोलणंही सगळ्यांना येतं, पण तुला ते अजून नीट जमलेलं नाही.

भेटू चौदा मार्चला. माझ्यावरची माया जपून ठेव, जिन्यात थंडी असते म्हणतात.

तुझी,
धाकटी


१७ मार्च

दादा,

नमस्कार लिहायला हात उठत नाही, तो मनातल्या मनात केला असं समज.

चौदा तारखेला काय घडलं ते लिहून ठेवते, कारण तू ते आतापर्यंत स्वतःच्या सोयीने दुरुस्त केलं असशील. सकाळी आमच्या टेबलाशी आम्ही तिघंच. खुर्च्या दोन, तिसरी मागितली तर तुझा स्वयंसेवक म्हणाला की खुर्च्या ढालीच्या खेळांसाठी आहेत. तपासनीस बाई पायरीवर बसल्या. अकरा वाजता वर जाणारे दोघं थांबले. बारा वाजता जिन्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. तुझ्या बॉक्सिंगवाल्याने नाव दिलं, ग्रंथपाल बाईंनी दिलं, सोळा जण झाले. दुपारी मी पाणी आणायला वर गेले तेव्हा सभागृहात गोल्फचा अंतिम सामना चालू होता आणि बघायला चार माणसं होती, त्यातला एक झोपला होता.

चार वाजता आमचा अंतिम सामना, मी आणि मेकॅनिक. एक-एक अशी बरोबरी, अठ्ठ्याहत्तरावं मिनिट, चेंडू माझ्याकडे. तू जिना उतरून आलास. वाकलास आणि आमच्या पडद्याचा प्लग ओढलास. कारण विचारलं तर म्हणालास की चहाचा बंब लावायचा आहे, हे एकच प्लगचं ठिकाण मोकळं होतं. मोकळं, दादा. मग वर जाऊन माइकवर सांगितलंस की खालचा बसस्टँडचा गोंगाट थांबला आहे, आता खेळाला सुरुवात करू.

मला काही बोललास तर मी लहानपणापासून ऐकत आले आहे. मेकॅनिकने ते ऐकलं. तो माणूस त्याच्या एकुलत्या एका इस्त्रीच्या शर्टात आला होता. परतीच्या बसमध्ये तो तीन तास एक शब्द बोलला नाही, आणि तो मनुष्य इंजिनाशीसुद्धा बोलतो.

तुझी ढाल तुझ्या भिंतीवर लखलाभ. मला पत्र पाठवू नकोस.

धाकटी


२४ मार्च

चि. धाकटीस आशीर्वाद.

पाठवू नको म्हणालीस म्हणून हे पत्र लहान ठेवतो.

बरोबरी असताना सामना थांबला, म्हणजे कुणीच हरलं नाही. तुला कौतुक नसेल, पण चहा दोनशे माणसांना लागत होता. बसस्टँड हा शब्द मी जागेच्या अर्थाने वापरला होता. मेकॅनिकने तो मनाला लावून घेतला असेल तर त्याला सांग की तसा हेतू नव्हता. हे मी त्याला वेगळं लिहिणार नाही, एकदा लिहिलं तेवढं पुरे.

आता बातमी. परवा समितीची बैठक झाली. तिघांनी ठराव मांडला की पुढच्या वर्षीपासून फुटबॉलचा गेम ढालीत धरावा, सभागृहात, मधल्या पडद्यावर. तीन विरुद्ध दोन मतांनी मंजूर. दोनातला एक मी. दुसऱ्याला पुन्हा फोन आला होता, त्याचा हात चुकून वर राहिला असं माझं मत आहे. संख्या मोजून दर्जा ठरत असेल तर उद्या माश्यांनाही ढाल देऊ. जिंकलीस, अभिनंदन.

एक खासगी गोष्ट. वहिनी संमेलनापासून गप्प आहे. विचारतो त्याला उत्तर देते, त्यापुढे नाही. मी प्लग ओढला याचा राग असणार. तू तिच्याशी बोल. तुम्हा बायकांचं तुम्हाला कळतं.

रुसवा फार ताणू नकोस, आधीच तुझ्याकडे तो भरपूर शिल्लक आहे.

दादा


३० मार्च

सौ. वहिनींस,
स. न. वि. वि.

दादाचं पत्र आलं. फुटबॉल ढालीत आला. डेपोत आम्ही टेबल बडवून साजरं केलं आणि मेकॅनिक दोन आठवड्यांनी पहिल्यांदा हसला. दादाचा चेहरा कसा झाला असेल ते तुम्ही पाहिलं असेल, मला त्याचं वर्णन हवं आहे, अगदी बारीकसारीक.

तुम्ही माझ्या बाजूने त्याच्याशी अबोला धरलात म्हणे. इतकं नका मनाला लावून घेऊ, तो जन्मजात तसा आहे. पुढच्या वर्षी चहाचे ट्रे दुसऱ्या कुणाला तरी द्या आणि आमच्यात बसून टाळ्या वाजवा. यंदा तुम्ही जिन्यात आलात आणि तुमच्या त्या मॅनेजर होऊन खेळण्याचं विचारलंत तेव्हा आम्हाला किती हसू आलं होतं, आठवतं ना? तपासनीस बाई अजून ते काढतात.

लवकर लिहा. तुमच्या मायेचा वाटा दादाला नाही दिला तरी चालेल, मला द्या.

तुमची,
धाकटी


८ एप्रिल

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

तुमच्या दादांवर माझा राग नाही. त्यांच्यावर रागावायचं ठरवलं तर घरकाम राहून जाईल. मी तुमच्यावर रागावले आहे, आणि तुम्हाला ते कळलंच नाही म्हणून लिहावं लागतंय.

मी गेले नऊ मोसम फुटबॉलचा एक संघ सांभाळते आहे. त्याच तुमच्या गेममध्ये, पण व्यवस्थापक होऊन. तिसऱ्या विभागातला संघ, कुणी घेत नव्हतं म्हणून घेतला. कोण खेळणार, कोण बाहेर बसणार, कुणाचा पाय दुखावला आहे, कुणाला समजवायचं, कुणाला जाऊ द्यायचं, हे मी ठरवते. सामना सुरू झाला की ठिपके पळताना बघायचे, त्यांना हात लावता येत नाही. तेवढंच अवघड असतं त्यात. संसार केलेल्या बाईला ते निराळं समजावून सांगावं लागत नाही.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. यांना वाटतं मी विणकामाचे नमुने बघते. मला विणता येत नाही, हे लग्नाला सव्वीस वर्षं झाली तरी त्यांना माहीत नाही. तुमचे ते अर्ज यांनी मोठ्याने वाचून दाखवले तेव्हा मला वाटलं, एक माणूस सापडलं. सबंध फेब्रुवारी मी मनाची तयारी केली. चौदा तारखेला चहाचा ट्रे घेऊन जिन्यात आले आणि तुम्हाला विचारलं की मॅनेजर होऊन खेळणाऱ्या माझ्यासारख्यांनाही या टेबलावर कधी जागा होईल का.

तुम्ही पडद्यावरची नजरही काढली नाहीत. म्हणालात, नुसतं बघत बसणं हा खेळ असेल तर माझ्या बसमधले साठही प्रवासी ड्रायव्हर झाले. जिनाभर लोक हसले. मी ट्रे रिकामा होईपर्यंत उभी राहिले आणि वर गेले.

वाक्य चांगलं होतं, वन्सं. यांनी केलं असतं तर अगदी असंच केलं असतं. तुम्हा दोघा भावंडांची जीभ एकाच सहाणेवर उगाळलेली आहे, फक्त ते क्लिनिकमध्ये चालवतात आणि तुम्ही बसमध्ये. तुमचा सामना यांनी अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला बंद केला. माझा तुम्ही सुरूच होऊ दिला नाहीत.

टाळ्या वाजवायला येणार नाही. मला ढाल नको, टेबलही नको. तुमच्याबद्दलची माया आटलेली नाही, पण सध्या तिला हाक मारू नका.

तुमची,
वहिनी


१४ एप्रिल

सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

पत्र डेपोत वाचलं. मग बस काढली आणि पहिले दोन थांबे चुकवले. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

सफाई देत नाही. दादाला जी सगळी विशेषणं मी लावली ती घरी आणून मोजून पाहिली, एकही वाया गेलं नाही, सगळी मला बसली. तपासनीस बाईंना तुमचं पत्र दाखवलं. त्या म्हणाल्या की आपण हसलो ते चूक झालं, आणि मग त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू तिकीट नसलेला माणूस मीच आहे.

एक मागणं आहे. पुढच्या रविवारी दुपारी येऊ का? खेळायला नाही. तुमचा सामना बघायला. एक शब्द बोलणार नाही. नको असेल तर या पत्राला उत्तर देऊ नका, मी समजेन.

तुमची माया मी हाक मारून बोलावत नाही, दाराशी बसते.

धाकटी


१२ मे

चि. धाकटीस आशीर्वाद.

फुटबॉलच्या गेमबद्दल माझं मत तेच आहे, ते आधी नोंदवतो. बटणांचा खेळ, लबाडांनी विकलेला. आता पुढे वाच.

एप्रिलात तू येऊन गेलीस तेव्हा मी काही बोललो नव्हतो. मी वर आलो तर तू आतल्या खोलीत वहिनीशेजारी बसलेली, हात मांडीवर, तोंड बंद, चाळीस मिनिटं. जबड्याला काही झालं की काय म्हणून मी टॉर्च घेऊन येणार होतो. निघताना तू तिला एकच विचारलंस की डावीकडचा तो पोरगा अर्ध्यातून का काढला. तिने कारण सांगितलं. तू मान हलवलीस आणि गाडी पकडायला गेलीस. त्या दिवसापासून वहिनी माझ्याशीही चार वाक्यं जास्त बोलायला लागली, याची मला जरा मिरची लागली.

म्हणून पुढच्या रविवारी मीही जाऊन बसलो. सातव्या मिनिटाला एवढंच म्हणालो की हे ठिपके डोक्यातल्या उवांसारखे दिसतात. तिने उठून दार उघडून धरलं. घरात मला कुणी असं बाहेर काढलेलं नाही.

परवा तिच्या मोसमाचा शेवटचा सामना होता. तिने सांगितलं नाही, तिच्या वहीत तारखेभोवती गोल दिसला. मी दोन पेशंटच्या मधल्या वेळात वर आलो. दार लोटलेलं होतं. बराच वेळ काही आवाज नाही, मग खुर्ची मागे सरकली, मग पुन्हा काही नाही. मी चहा केला. तो फार कडक झाला. आत गेलो तर पडद्यावर नुसती नावांची यादी होती आणि ती त्या यादीकडे बघत होती. म्हणाली की शेवटच्या मिनिटाला गोल खाल्ला, संघ खालच्या विभागात गेला. चष्मा काढून ठेवला होता.

धाकटे, दाढ दुखणाऱ्या माणसाला काय बोलायचं ते मला येतं. इथे सुचेना. गेमच आहे तो, असं अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. गिळताना ते केवढं मोठं होतं ते कळलं. मग काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं की गोलरक्षकाचं वय किती. म्हणाली, अडतीस. म्हणाली की पहिल्या मोसमापासून तोच आहे, आता निवृत्त होणार, आणि त्याचा शेवटचा सामना तिला जिंकता आला नाही. हे ती मला सांगत होती की स्वतःला, ते कळलं नाही. मी कप धरून उभा.

थोड्या वेळाने तिने कप घेतला आणि बाजूचं स्टूल पायाने माझ्याकडे सरकवलं. नवा गोलरक्षक शोधायचा होता. यादीत एकवीस नावं होती. खाली एक जण गाल धरून थांबला होता, त्याला अर्धा तास बसायला सांगितलं.

तिने शेवटी एकोणीस वर्षांचा एक उंच मुलगा निवडला. मला तो पसंत नाही, त्याला उंच चेंडू पकडता येत नाहीत असं यादीत लिहिलंय. तुझं काय मत आहे ते कळव. मेकॅनिकलाही विचार, आणि विचारलं कुणी ते सांग.

तुझा,
दादा